बिनधुराची गाडी

खोली दाखवण्याआधी माझ्या घरमालकाने माझ्या मोटरसायकलचा धूर तपासला. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा हाफशर्ट आणि लुंगी अशा वेशात तो उंच माणूस माझ्या गाडीमागे उकिडवा बसला, खिशातून घडी घातलेला पांढरा रुमाल काढला, सायलेन्सरच्या तोंडाशी धरला आणि मला म्हणाला, "चालू कर."

मी किक मारली. थोड्या वेळाने त्याने हात वर करून थांबायला सांगितलं. रुमालावर रुपयाएवढा काळा डाग पडला होता. तो त्याने माझ्यापुढे धरला.

"हा आईच्या नाकाला लावशील काय?"

"नाही."

"मग दुसऱ्याच्या आईच्या नाकाला कशाला लावतोस?"

रुमाल त्याने माझ्या हातात दिला आणि धुवून आणायला सांगितला. मग विचारलं, "काम काय करतोस?"

मी कराडहून नुकताच चिपळूणला आलो होतो. इथल्या एका वाहनांच्या एजन्सीत विक्रीच्या कामाला लागलो होतो. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, "गाड्या विकतो, चाचा."

त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "ऐकलास काय? भायेर ये. धूर इकनारा आलाय!"

आतून एक ठेंगणी, गोऱ्या चेहऱ्याची बाई पदराला हात पुसत आली. तिला ते ऐकून इतकं हसू आलं की हसता हसता ती खोकायला लागली आणि खोकता खोकता ओट्यावर बसली. खोकला लवकर थांबेना. तोपर्यंत चाचाही तिच्याशेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. धुराशी त्याचं वैर कुठून आलं ते मला पहिल्याच दिवशी असं समोर दिसलं.

खोली मिळाली. अट एकच. आवारात गाडी चालू करायची नाही. रस्त्याच्या वळणापर्यंत ढकलत न्यायची, तिथे किक मारायची. येतानाही वळणावर बंद करून ढकलत आणायची. ही अट मला एकट्याला नव्हती. दूधवाल्याला होती, चाचीला तपासायला येणाऱ्या डॉक्टरला होती, आणि एकदा कसल्याशा चौकशीला आलेल्या सरकारी साहेबालाही होती. साहेब म्हणाला, "जीप ढकलू?" चाचा म्हणाला, "एकटे नका ढकलू. मी येतो." आणि लुंगी वर खोचून खरोखरच मागून जोर लावायला गेला. साहेबाचा ड्रायव्हर लाजला आणि तोही उतरला. शेवटी साहेबही.

सगळ्यात मजा आली ती चाचाच्या पुतणीच्या लग्नात. फुलांनी सजवलेली गाडी दारात येऊन उभी राहिली. मुलगी रडत रडत आत बसली आणि ड्रायव्हर चावी फिरवणार तोच चाचा बॉनेटसमोर जाऊन उभा राहिला. शेरवानी घातलेल्या नवरदेवाने, त्याच्या भावांनी आणि मामांनी मिळून ती गाडी वळणापर्यंत ढकलली. रडणारी नवरी खिडकीतून नवऱ्याला घाम पुसताना बघून हसायला लागली. तिची आई म्हणाली, "माझी पोर हसत सासरला गेली. एवढा एक काम केलान या मानसान." त्यानंतर मोहल्ल्यातल्या दोनतीन लग्नांत लोकांनी आपणहून गाडी ढकलली. शकुन म्हणून.

मोहल्ल्यात सगळे त्याला चीफ म्हणत, मी चीफचाचा म्हणायला लागलो. तो बोटीवर चीफ इंजिनियर होता. उभं आयुष्य इंजिनरूममध्ये, पाण्याच्या पातळीच्या खाली, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात आणि तेलाच्या वाफेत काढून तो निवृत्त झाला होता. त्याच्या बोलण्यात 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न' व्हायचा, आणि मध्येच बोटीवरची इंग्रजी यायची. जेवण झालं की तो ताट सरकवून बोट बंदराला लागल्यावरचा, इंजिनं बंद करायचा हुकूम म्हणायचा, "फिनिश्ड विथ इंजिन्स." चाची ताट उचलायला लावायची तेव्हा म्हणायचा, "स्टँड बाय."

रिक्षा स्टँडवर त्याची दहशत होती. लांबून पांढरा शर्ट दिसला की काळा धूर सोडणारी रिक्षा गुपचूप मागच्या गल्लीत जायची. पण दर रविवारी सकाळी त्याच रिक्षा त्याच्या आवारात रांगेने उभ्या असायच्या. अर्थात ढकलत आणलेल्या. तो एकेकाचा कार्बोरेटर उघडायचा, फुंकायचा, कानाजवळ स्क्रू ड्रायव्हर धरून इंजिनाचा आवाज ऐकायचा. ते ऐकायची जागा वळणावर होती. एका रिक्षावाल्याने मला सांगितलं, "चीफ शिव्या घालतो, पन गाडीला हात लावलान की म्हैनाभर पेट्रोल कमी खाते. शिव्या गेल्या खड्ड्यात."

या घरात एकच गोष्ट कोणी मोठ्याने बोलत नसे. चाचीचं माहेर अंजनवेलच्या बाजूला खाडीकाठी होतं. तिची आई तिथे मुलाच्या घरी होती, खूप म्हातारी, खाटेवरून फारशी न उठणारी. आणि चाची दोन वर्षांत तिथे गेली नव्हती. शेवटची निघाली तेव्हा एसटी स्टँडवर दोन चालू गाड्यांच्या मध्ये सापडली. धुराने छाती भरली आणि तिथेच कोसळली. चाचाने तिला दोन्ही हातांवर उचलून नदीच्या बाजूला मोकळ्या हवेत नेलं. त्यानंतर ती स्टँडवर गेलीच नाही. भाड्याच्या जीपगाड्यांत डिझेलचा वास, त्यातही तिला बसवेना.

मग साधी गोष्ट होती, स्वतःची चांगली गाडी घ्यायची. बोटीवरून आलेल्या माणसाला ते जड नव्हतं. मी तर तेच काम करत होतो. पण चाचा म्हणायचा, "तिला धुराचा आजार आनि मी औषध म्हनून घरात अजून एक धुराडा आनू?"

एकदा तो बाजारात गेलेला असताना चाची मला घावणे वाढता वाढता म्हणाली, "तुला खरा सांगू? धूर हाय ता हायच. पन भितो तो."

"कशाला भितात?"

"चालवायला. एवढी मोठी इंजिना चालवलान, पन हातात सुकानू कंदी धरलान नाय. सायकलसुदा येत नाय त्याला. खाली बसून इंजिन चालवायचा, बोट खय चाललीय ता वरचे लोक बगायचे. आता म्हातारपनी वर येयाला भितो."

हे तिने मला सांगितल्याचं मी त्याला कधीच कळू दिलं नाही.

त्या वर्षी ईदला चाचीचा धाकटा भाऊ आला. आखातात नोकरी करून आलेला, नव्या डिझेल जीपचा मालक. जीप अर्थातच ढकलत आणलेली. शिरखुर्म्याच्या वाट्या फिरत होत्या, मोहल्ल्यातली पाचदहा माणसं ओटीवर होती. मीही होतो. भावाने वाटी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दुल्हाभाई, अम्मा रोज इचारते. बहिनीला येता येत नाय. तुम्ही गाडी घ्या नायतर माझी जुनी गाडी न्या. पन तिला घेऊन या."

चाची आतल्या दारात उभी होती. चाचाने तिच्याकडे बघितलं, मग भावाकडे.

"घेतो. बिनधुराची मिलूदे, घेतो. चिपलुनात ज्या दिवशी बिनधुराची गाडी मिलंल, त्या दिवशी पयली मी घेनार. मी चालवनार. आनि तिला मी घेऊन येनार. ऐकला सगल्यांनी?"

सगळ्यांनी ऐकलं. कोणीतरी हसून म्हणालं, "चीफ, म्हंजे कयामतच्या दिवशी." चाचाही हसला. त्या हसण्यात सुटल्याचा भाव होता, असं मला वाटलं. चाची मात्र आत गेली.

पुढे काही महिन्यांनी एजन्सीने मला कामाच्या शिक्षणासाठी पुण्याला पाठवलं. तिथे एका दुपारी मोकळा वेळ होता. मुख्य रस्त्यापासून आत, पत्र्याच्या एका शेडमध्ये लहान मुलाच्या खेळण्यासारखी दिसणारी एक दोन दारांची गाडी उभी होती. पाटी वाचली. विजेवर चालणारी. मी आत शिरलो. माझी समजूत अशी की अशा गाड्या परदेशात असतात, फार तर वर्तमानपत्रात असतात. आतला माणूस टेबलावर डोकं ठेवून पेंगत होता. मी त्याला विचारलं, "ही विकायला आहे?"

"मग काय शोभेला आहे?"

"नाव घालून किती वर्षं थांबावं लागतं?"

तो जरा जागा झाला. "थांबायचं कशाला? मागे दोन उभ्या आहेत. निळी आणि लाल. कुठली हवी?"

"कोकणात देता? चिपळूणला?"

"ट्रकवर चढवून पाठवतो. पंधरा अँपियरचं बटण असलं घरात की झालं. रात्रभर लावून ठेवा, सकाळी चालवा."

मी मागे जाऊन बघितलं. खरोखरच दोन गाड्या उभ्या होत्या. काचांवर धूळ. मी विचारलं, "मग लोक घेत का नाहीत?" तो माणूस खांदे उडवून म्हणाला, "लोक येत नाहीत साहेब. सगळे धरून चालतात की मिळत नसणार. विचारतच नाही कोणी."

परत येताना मी फार आनंदात होतो. पण चिपळूण जवळ यायला लागलं तशी मला काळजी वाटायला लागली. आपण या माणसाला खूश करायला चाललोय की पकडायला, ते कळेना.

चाचा ओटीवर बसून कसलासा पंप दुरुस्त करत होता. चाची तांदूळ निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. चाचाच्या हातातला पाना तसाच राहिला.

"सायलेन्सर?"

"नाहीच."

"नाय म्हंजे? लपवलेला असंल."

"चाचा, मी खाली वाकून बघितलं. नाहीच. धूर निघायला जागाच नाही."

तो उठला, चपला घातल्या आणि नदीकडे निघून गेला. संध्याकाळची नमाज झाली तरी आला नाही. ईदच्या दिवशी ओटीवर असलेल्यांतला एकजण आला, त्याला चाचीने बातमी सांगितली. तो म्हणाला, "अगो भाभी, काय कालजी करतेस? चीफ बोलला होता 'चिपलुनात मिलंल तर'. ही तर पुन्यात मिलते. सुटला तो." दुसरा म्हणाला, "आनि दोन दरवाज्यांची ती काय गाडी? डबा हाय." लोक त्याच्या बाजूने पळवाटा शोधत होते. त्यांचं त्याच्यावर प्रेम होतं.

चाचा आला तेव्हा त्यांनी या दोन्ही पळवाटा त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तो पोरगा म्हनतो, चिपलुनात आनून देतात. आनून देतात म्हंजे मिलते. आनि मी दरवाजे मोजले नव्हते. मी धूर बोललो होतो." आणि माझ्याकडे वळून, "उद्या पुन्याला जायाचा. निली घेऊ. लाल तिला आवडत नाय."

निळी गाडी ट्रकवरून उतरली तेव्हा अर्धं चिपळूण बघायला आलं होतं, असं मला वाटलं. चाचा तिच्यामागे उकिडवा बसला. रुमाल काढला आणि हातात धरून तसाच बसून राहिला. रुमाल धरायचा कुठे? तो चहूबाजूंनी गाडीखाली वाकून बघून आला, उभा राहिला आणि रुमाल परत खिशात ठेवला. मी गाडी चालवतच आवारात आणली, ढकलावी लागली नाही. आपल्या अंगणात चालत येणारी पहिली गाडी बघताना चाची दारात उभी होती. तिने तोंडाला धरलेला पदर हळूहळू खाली घेतला.

शिकवायचं काम माझ्याकडे आलं. नदीकाठच्या मोकळ्या मैदानावर आम्ही सकाळी लवकर जायचो. पहिल्या दिवशी त्याने चावी फिरवली आणि डोळे मिटून कान दिला. इंजिनाचा माणूस, सवयच ती. काहीच ऐकू आलं नाही. त्याने परत फिरवली.

"चाचा, चालू आहे."

"कसा कलनार? आवाज कुठाय?"

"आवाज नसतोच हिला."

त्याचा चेहरा पडला. आयुष्यभर आवाजावरून इंजिनाची तब्येत ओळखणारा माणूस आता एका मुक्या गाडीत बसला होता. गिअर नव्हते ही देवाची दया. मी 'पुढे' म्हटलं की तो "डेड स्लो अहेड" असं पुटपुटायचा आणि पाय ठेवायचा. ब्रेक दाबताना "स्टॉप इंजिन्स!" असं ओरडायचा. मैदानावर सकाळी फिरायला येणारे लोक आम्हाला बघून झाडांमागे जायचे. एकदा आम्ही वॉलीबॉलचा खांब पाडला. चाचाने स्वतः खड्डा खणून नवा, जास्त मजबूत खांब रोवला. महिना-दीड महिना गेला, परवानाही मिळाला, पण मैदान सोडून हमरस्त्यावर जायचं नाव तो काढेना. गावात बाजारापर्यंत जायचा, मशिदीपर्यंत जायचा, बस. चाचीने एकदाही माहेरचा विषय काढला नाही.

याच दिवसांत चहाच्या दुकानात एका वकिलाने त्याला छेडलं. "चीफ, तुमची गाडी धूर सोडत नाही ते ठीक. पण वीज कुठून येते? कोळसा जळतोच ना कुठेतरी? तुमचा धूर चंद्रपुरात निघतो, एवढंच."

लोक हसले. चाचा म्हणाला, "आपली वीज पोफलीची. कोयनेच्या पान्याची." वकील म्हणाला, "तारेत शिरल्यावर पाण्याची कुठली आणि कोळशाची कुठली, ओळखता येते का?"

दुसरा कोणी असता तर भांडला असता किंवा हसण्यावारी नेलं असतं. चाचा दोन दिवस विचार करत होता. मग माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "वकील खरा बोलला. थोडी तरी कोलशाची असनारच. तो धूर माझ्या बायकोच्या छातीत जात नाय, पन चंद्रपूरला पन कोनाची तरी बायको असंलच ना?"

दुसऱ्या दिवसापासून त्या घरातली इस्त्री बंद झाली. पाणी तापवायचा विजेचा गीझर काढून कपाटावर गेला आणि मागच्या अंगणात पत्र्याची काळी टाकी उन्हात बसली. गाडी जेवढी वीज खाईल तेवढी घरातून वाचवायची, असा त्याचा हिशेब. चीफचा तो कडक पांढरा शर्ट त्यानंतर कायम चुरगळलेला राहिला. बोटीवरच्या माणसाला शर्टाच्या इस्त्रीचं काय वाटतं ते मला माहीत होतं. मला त्या चुरगळलेल्या शर्टाचा त्याच्या सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त आदर वाटतो.

मग एके दिवशी अंजनवेलहून फोन आला. म्हातारीने जेवण सोडलं होतं आणि सारखं मुलीचं नाव घेत होती.

चाचाने फोन ठेवला, गाडीकडे बघितलं. आदल्या रात्री लोडशेडिंग होतं, गाडी अर्धवटच भरली होती. तिकडे चाचीच्या माहेराजवळ एवढा मोठा वीज प्रकल्प, आणि इकडे आमच्याकडे दिवे नाहीत, अशी त्या वर्षांतली स्थिती. मी म्हटलं, "चाचा, माझ्या एजन्सीची पेट्रोल गाडी आणू का?" चाचा म्हणाला, "मी सगल्यांसमोर बोललो होतो. तू मागं बस."

मागची सीट लहान मुलांसाठी होती. मी गुडघे हनुवटीला लावून बसलो. चाची पुढे, मांडीवर डबा घेऊन. गाव सोडलं आणि चढणीचा रस्ता लागला. चाचाने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. मला मागून दिसत होतं की त्याची नजर रस्त्यावर नव्हती. समोरच्या तबकडीवर, चार्ज दाखवणाऱ्या काट्यावर होती. काटा खाली येत होता आणि तो काट्याकडे बघत होता. इंजिनरूममध्ये आयुष्यभर काटेच बघितलेले. एका वळणावर समोरून एसटी आली. गाडी मधोमध होती. मी ओरडलो. चाचाने ब्रेक मारला, एसटीवाल्याने कशीतरी गाडी कडेने काढली आणि शिव्या घालत गेला. काळ्या धुराचा लोट आमच्यावर आला. चाचीने पदर तोंडावर दाबला. काचा बंद होत्या म्हणून निभावलं.

गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. चाचाने हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. तो म्हणाला, "मला नाय जमनार. परत जाऊया."

मी पुढे होऊन म्हणणार होतो की मी चालवतो. पण चाचीने मला हाताने थांबवलं. तिने नवऱ्याकडे बघितलं नाही. समोर तबकडीकडे वाकली आणि बोट ठेवून विचारलं, "हा काटा खाली आला की काय होता?"

"वीज संपत येते."

"एवढाच ना? मग काटा मी बगते. तुम्ही रस्ता बगा. आता वर या. बास झाला खाली बसून."

चाचाने तिच्याकडे बघितलं. तिला हे किती दिवसांपासून माहीत आहे ते त्याला त्या क्षणी कळलं असावं. त्याने कपाळ पुसलं, मान वर केली, आणि मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा समोर बघून चालवायला लागला.

"किती?" तो विचारायचा.

"हाय अजून. तुम्ही चला," ती म्हणायची.

मार्गताम्हाण्याच्या पुढे ती म्हणाली, "आता नाय राहिली." रस्त्याकडेला एक कुणब्याचं घर होतं. अंगणात एक बाई भात वाळवत होती. चाचाने जाऊन विचारलं, "वैनी, थोडी वीज मिलंल काय? गाडीला पाजायची हाय."

त्या बाईने गाडीकडे, आमच्याकडे बघितलं. "वीज द्येन हो, पन दुपारपातुर येयाची नाय. लाईट ग्येलीय. बसा तवर. पेज घेवा."

आम्ही दुपारपर्यंत बसलो. तिचा नवरा मुंबईला गिरणगावात खानावळीत कामाला होता, घरी सासू आणि ती. चाची त्यांच्याबरोबर अंगणात भात वर-खाली करत बसली, माहेरच्या गोष्टी सांगत बसली. मोकळ्या हवेत ती एकदाही खोकली नाही. दिवे आले तशी चाचाने त्यांच्या विहिरीच्या पंपाच्या प्लगला गाडीची वायर जोडली. तो स्वतः गाडीशेजारी बसून राहिला, आजारी माणसाला सलाईन लावल्यावर नातेवाईक बसतात तसा. निघताना त्याने त्या बाईचा बिघडलेला मिक्सर दुरुस्त करून दिला.

पुढे उतार लागला. चाची एकदम ओरडली, "अवो, काटा वर जातोय!" उतारावर ब्रेक लावताना गाडी थोडी वीज परत भरून घेते, हे पुण्याच्या माणसाने मला सांगितलेलं, मी विसरलो होतो. चाचा इतका जोरात हसला की गाडी हलली. "उतारावर परत देते! आमच्या बोटीचा इंजिन कंदी काय परत देत नव्हता!"

दिवस मावळताना आम्ही पोचलो. सगळं घर अंगणात आलं. भाऊ धावत आला, बहिणीला बघून उभाच राहिला. चाची आत आईच्या खाटेपाशी गेली. आतून बराच वेळ दोघींच्या रडण्याचा आवाज येत होता, मग हसण्याचा. नंतर म्हातारीने हट्ट धरला, मला ती गाडी दाखवा. भावाने तिला उचलून बाहेर आणलं. चाचाने गाडी अंगणात एक फेरी मारून दाखवली. काही आवाज नाही, धूर नाही. म्हातारी बारीक डोळ्यांनी बघत म्हणाली, "मागून कोन ढकलता हिला?" सगळे हसले. म्हातारीने त्या संध्याकाळी वाटीभर पेज घेतली. पुढे ती दीड वर्ष जगली, आणि मुलगी दर महिन्याला तिच्यापाशी असायची.

पण ती संध्याकाळ मला आठवते ती वेगळ्या कारणाने. सगळे आत गेल्यावर चाचा अंगणातल्या जांभ्या दगडाच्या कट्ट्यावर एकटा बसला होता. खाडीपलीकडे अंधार पडत होता. मी जाऊन बसलो. म्हटलं, "जमलं की चाचा."

तो म्हणाला, "तुला पुन्याचा मानूस काय बोलला होता?"

"कुठला?"

"गाडीवाला. कोन इचारत नाय म्हनून."

"हो."

"दोन वर्सा ही रडत होती. मला वाटायचा, जगात अशी गाडी नसनारच. म्हनून मी छाती काढून सगल्यांसमोर बोललो. आनि ती पुन्यात उभी होती रे. शेडमध्ये. एक फोन केला असता तर…" त्याने हाताचा तळवा उघडून बघितला, परत मिटला. "मी मागितली नाय. मिलंल म्हनून भ्यालो, म्हनून मागितली नाय."

असं स्वतःबद्दल सरळ बोलणारा माणूस मी त्यानंतर फार बघितला नाही.

पुढे माझी बदली झाली, लग्न झालं, चिपळूण सुटलं. मोहल्ल्यात बिनधुराच्या गाडीची चौकशी करायला मग बरेच जण चाचाकडे यायचे, असं ऐकत होतो. तो प्रत्येकाला बसवून आधी एकच प्रश्न विचारायचा म्हणे, "इचारलास काय?" गॅसवरची रिक्षा असो, सौर दिवा असो, मुलीच्या शाळेसाठी दाखला असो. "मिळत नाय" असं कोणी म्हणालं की याचं ठरलेलं, "इचारलास काय?" गाडीच्या बॅटऱ्या दमल्या तेव्हा त्याने नव्या मागवून हातमोजे घालून स्वतः बसवल्या.

काही वर्षांनी एका कामासाठी मी रेल्वेने चिपळूणला उतरलो. आधी फोन केला होता. स्टेशनबाहेर निळी गाडी उभी होती, रंग थोडा उडालेला. चाचा डावीकडच्या सीटवर बसला होता, काळा चष्मा लावून. मला वाटलं गाडीत बसून कोणाची तरी वाट बघतोय. जवळ गेलो तर उजवीकडे स्टिअरिंगवर चाची. डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला, कोपर खिडकीत.

"मोतिबिंदू," चाचा म्हणाला. "ऑपरेशन झाला, पन आता डॉक्टर नको म्हनतो. एकदा बकरी दिसली नाय मला. त्याच दिवशी चावी हिच्या हातात दिली. मीच शिकवला."

"शिकवला कसला," चाची म्हणाली, "नुस्ता ओरडत होता, स्टॉप इंजिन, स्टॉप इंजिन. म्हटला, गप बसा. आपोआप शिकली."

मी विचारलं, "अंजनवेलला जाता?"

"दर जुम्याला. भावाच्या पोरांना भेटायला. आनि मार्गताम्हान्याच्या वैनीकडे उतरते वाटेत." तिने आरशात बघून पदर नीट केला. चाचाकडे मी बघितलं. हा माणूस आता तिच्या शेजारी बसतो आणि ती नेईल तिकडे जातो, यात त्याला कसलाही कमीपणा वाटत नव्हता. उलट तो तिच्याकडे असा बघत होता, जसा एखादा माणूस स्वतः बनवलेलं जहाज पाण्यात उतरताना बघेल.

मी मागच्या सीटवर गुडघे मुडपून घुसलो. चाचीने मागे न बघता चावी फिरवली. चाचा माझ्याकडे वळला, काळा चष्मा जरा खाली केला आणि तिला ऐकू जाणार नाही असं हळूच म्हणाला,

"पट्टा लाव. ही जोरात चालवते."